चौकटीचा पत्ता

आपल्या मंडळातील एका सायंकाळच्या व्याख्यानासाठी सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) मधील सहा-सात उतारे काढून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले होते. ग्रंथातील उतारा हवा असेल तर पानात कागदाची खूण घातली की भागते. चित्रपटातील उताऱ्यासाठी मात्र आता संगणकावरील संकलनाच्या सॉफ्टवेअरचा आश्रय करावा लागतो. ते मला येत नसल्याने माझा भाचा संगणकापुढे बसला आणि मी त्याच्या शेजारी. “मामा, तुम्ही नुसता प्रसंग सांगा, नेमक्या फ्रेमवर मी नेतो,” असे तो म्हणाला. दुर्गेच्या मृत्यूची वार्ता नसलेला हरिहर घरी परततो, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतो, दुर्गेसाठी आणलेली साडी सर्वजयेच्या हाती देतो आणि तोवर मूक राहिलेली सर्वजया हंबरडा फोडते, तो प्रसंग मला हवा होता. तो हंबरडा जिथे सुरू होतो, नेमकी तीच चौकट हवी होती. या हंबरड्याविषयी मी तीन-चार व्याख्यानांतून बोललो आहे, एका लेखात लिहिलेही आहे. करुणा बॅनर्जी या अभिनेत्रीच्या आवाजाने अंगावर काटा येतो, असे काहीसे ते वाक्य होते.

भाच्याने प्रसंग काढला. चित्र एकेक चौकट पुढे सरकू लागले. सर्वजया साडी तोंडाशी धरते, तिच्या चेहऱ्याचा बांध फुटतो, देह कोसळतो. परंतु हंबरडा आला नाही. तिथे एकच ध्वनी आहे आणि तो तारशहनाईचा. आम्ही मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. सर्वजयेचा आवाज नव्हताच.

ही गोष्ट अज्ञात होती असे नाही. राय यांनी त्या क्षणी अभिनेत्रीचा आक्रोश काढून त्या जागी दक्षिणामोहन टागोर यांनी वाजवलेल्या तारशहनाईचे चढे स्वर ठेवले, हे राय यांच्या अभ्यासकांनी पुष्कळदा सांगितलेले आहे. मीही ते कधीतरी वाचले असणार. नाव शहनाईचे असले तरी हे फुंकून वाजवण्याचे वाद्य नव्हे. इसराजाला कर्णा जोडून केलेले ते गजाने वाजवण्याचे वाद्य आहे, आणि त्याचा स्वर माणसाच्या गळ्याच्या फार जवळ जातो. तरीही एवढी वर्षे मी तिथे एका बाईचा आवाज ऐकत आलो आणि श्रोत्यांनाही तो ‘ऐकवत’ आलो. चूक माझी होती आणि ती दाखवून दिली ती एका चौकटीवर अचूक नेऊन थांबवणाऱ्या यंत्राने. त्या दिवसापासून या सोयीविषयी माझ्या मनात जेवढी कृतज्ञता आहे, तेवढीच एक शंकाही आहे. त्या दोहोंचा हिशेब मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही सोय काय आहे ते पाहू. चित्रपट म्हणजे स्थिर छायाचित्रांची मालिका; त्यांतील प्रत्येक छायाचित्र म्हणजे एक फ्रेम, एक चौकट. बोलपटात सेकंदाला २४ चौकटी जातात. चित्रपट फितीवर होता तोवर या चौकटींना वेळेचा पत्ता नव्हता, लांबीचा होता. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीत एका फुटात १६ चौकटी बसतात. कारखान्यातच फितीच्या कडेला दर फुटाला आकडे छापलेले असत आणि ‘अमुक आकड्यापासून पुढे नववी चौकट’ असा पत्ता संकलक लिहून ठेवीत. पुढे चित्रफितीच्या काळात तास, मिनिट, सेकंद आणि चौकट असा चार जोड्यांचा पत्ता रूढ झाला. त्याला टाइमकोड म्हणतात. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पत्ता आकड्यांनी लिहिला की पडद्यावरची खूणरेषा क्षणात त्या चौकटीवर जाऊन उभी राहते. बाणाची कळ दाबली की एक चौकट पुढे किंवा मागे. जे, के आणि एल या शेजारशेजारच्या तीन कळांनी चित्र अनुक्रमे उलटे चालते, थांबते, सुलटे चालते. एवढे शिकण्यास अर्धा तास पुरतो. माझ्या वयाच्या माणसाला एक दुपार.

अमेरिकेतील पद्धतीत एक गंमत आहे. तिथल्या दूरचित्रवाणीत सेकंदाला नेमक्या ३० नव्हे, तर २९.९७ चौकटी जातात. म्हणून घड्याळाशी मेळ राखण्यासाठी दर मिनिटाच्या आरंभी पहिले दोन आकडे गाळतात. प्रत्येक दहाव्या मिनिटाला मात्र गाळत नाहीत. आकडे गळतात, चौकट एकही गळत नाही. आपल्या पंचांगातील क्षयतिथी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथीचे नाव त्या दिवसाला मिळाले नाही म्हणून तेवढा काळ आयुष्यातून वजा होत नाही. पत्ता आणि वस्तू या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

साहित्याच्या समीक्षकाला पत्त्याची सोय पूर्वीपासून आहे. तो अध्याय सांगतो, ओवी सांगतो, पृष्ठ सांगतो. वाचकाला शंका आली तर तो ग्रंथ उघडून पाहतो. चित्रपटाच्या समीक्षकाला अशी सोय नव्हती. अंधारात एकदा, फार तर दोनदा पाहिलेल्या गोष्टीवर, आठवणीच्या भरवशावर तो लिहीत असे. आपल्या भाषेतील चित्रपटविषयक जुने लेखन आज चाळले तर त्यात प्रसंगांची उलटापालट, संवादांची मोडतोड, एका पात्राच्या तोंडचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी, असे दोष हमखास आढळतात. त्या लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापाशी ग्रंथच नव्हता, केवळ श्रवण होते. नेमक्या चौकटीवर जाता येणे म्हणजे चित्रपट-समीक्षेच्या हाती प्रथमच ग्रंथ येणे होय. माझा हंबरडा त्या ग्रंथाने खोटा ठरवला, हे योग्यच झाले.

परंतु ग्रंथ हाती आला की दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणती प्रत? बडोद्याच्या वाचकांना या प्रश्नाचे महत्त्व सांगायला नको. इथल्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि-रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत सिद्ध केली. निरनिराळ्या प्रदेशांतील, निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते समोर ठेवून, कोणता श्लोक कोणत्या प्रतीत आहे नि कोणत्या प्रतीत नाही, याचा निवाडा त्यासाठी करावा लागला. ज्या वाचकाने हे काम दुरून का होईना पाहिले आहे, तो ‘अमुक सर्गातील अमुक श्लोक’ एवढ्यावर समाधान मानत नाही. आवृत्ती कोणती, हे विचारतो. चित्रपटाच्या चौकटीचा आकडा देणाऱ्यालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे. टाइमकोड हा कलाकृतीचा पत्ता नाही. तो समोरच्या प्रतीचा पत्ता आहे.

‘पथेर पांचाली’चेच पाहा. राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. त्यांतून जे वाचले ते आणि अन्यत्र मिळालेल्या प्रती यांच्या आधारे बोलोन्या येथील प्रयोगशाळेत पुनरुद्धार होऊन हे तिन्ही चित्रपट २०१५ साली पुन्हा प्रदर्शित झाले. त्यापूर्वी फिल्म सोसायट्यांतून आपण पाहिल्या त्या प्रती ओरखड्यांच्या, झिजलेल्या, मध्येच तुटून जोडलेल्या होत्या. फीत तुटली की जोडताना दोनचार चौकटी जातातच. त्या प्रतीवरून काढलेला आकडा या प्रतीला लागू पडणार नाही. भेद इथेच संपत नाही. आपल्याकडील आणि युरोपातील दूरचित्रवाणीत सेकंदाला २५ चौकटी असत. त्यामुळे २४ च्या गतीचा चित्रपट तिथे बहुधा २५ च्या गतीने चालवीत. पाहणाऱ्याला ते जाणवत नाही, परंतु दोन तासांच्या चित्रपटातील सुमारे पाच मिनिटे त्यात नाहीशी होतात आणि स्वर मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर तो चढतो. ही चढ पूर्ण अर्ध्या सुराची नाही, परंतु अर्ध्या सुराच्या बरीच जवळ जाते. म्हणजे ज्या तारशहनाईवर एवढे लिहायचे, ती कोणत्या पट्टीत वाजली हेदेखील प्रतीवर अवलंबून. सुराचा कान असलेल्या श्रोत्याला हा तपशील क्षुल्लक वाटणार नाही.

प्रतीचा हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने भिडतो तो दादासाहेब फाळके यांच्या बाबतीत, आणि तिथे आपण समीक्षकांनी केलेला अन्यायही मोठा आहे. फाळके यांचे नाते बडोद्याशीही आहे. महाराजा सयाजीराव यांनी स्थापन केलेल्या कलाभवनात ते शिकले, छायाचित्रणाचे तंत्र त्यांनी तिथेच आत्मसात केले आणि पुढे काही काळ गोध्र्यास छायाचित्रांचा व्यवसायही केला. म्हणून त्यांच्याविषयीचा हिशेब इथे नीट मांडलेला बरा.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याची लांबी ३,७०० फूट होती असे सर्वत्र नमूद आहे आणि कालावधी सुमारे ४० मिनिटे, असेही पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हे दोन आकडे शेजारीशेजारी छापले जातात, पण त्यांचा परस्परसंबंध क्वचितच तपासला जातो. तपासणी सोपी आहे. फुटाला १६ चौकटी, म्हणजे ३,७०० फुटांत ५९,२०० चौकटी झाल्या. त्या सेकंदाला २४ या बोलपटाच्या गतीने चालवल्या तर ४१ मिनिटे लागतात. परंतु १९१३ साली बोलपट नव्हता. कॅमेरा हाताने फिरवीत; एका फेऱ्यात साधारण ८ चौकटी आणि सेकंदाला दोन फेरे हा त्या काळचा सर्वसामान्य प्रघात होता. त्या हिशेबाने सेकंदाला १६ चौकटी, म्हणजे बरोबर एक फूट. मग ३,७०० फुटांना ३,७०० सेकंद लागतील, म्हणजे एक तास आणि वर सुमारे पावणेदोन मिनिटे. हात काही घड्याळ नसतो आणि चित्रपटगृहातील यंत्रचालकही आपल्या मर्जीने वेग कमीजास्त करीत असे, हे खरे. तरी ४० मिनिटे हा आकडा फाळके यांच्या काळाचा नसून नंतरच्या यंत्राचा आहे, हे उघड दिसते. वीस मिनिटांचा हा फरक आपण त्यांच्या चित्रपटातून परस्पर कापून टाकला.

कालावधी हा केवळ एक आकडा झाला. खरा अन्याय अभिनयाच्या मूल्यमापनात झाला. १६ च्या गतीने घेतलेले चित्र २४ च्या गतीने दाखवले की माणसे दीडपट वेगाने हालतात. राजा तुरुतुरु चालतो, राणी झटक्याने वळते, ऋषी खुळ्यासारखे हातवारे करतात. मूकपट म्हणजे ही लगबग, असा समज त्यातून रूढ झाला. ‘आरंभीच्या नटांचा अभिनय झटकेदार, नाटकी आणि अपरिपक्व होता’ अशा अर्थाची वाक्ये आपण वाचली आहेत. मीही लिहिली आहेत. त्यांतील नाटकीपणाचा भाग खरा असेल. झटक्यांचा भाग मात्र नटांचा नव्हता, तो चुकीच्या वेगाचा होता. आपण आपल्या पूर्वजांना धावताना पाहून हसलो. परंतु त्यांना धावायला लावले होते ते आपणच.

आता तो उपलब्ध भाग संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि एकेक चौकट पुढे नेली तर काय दिसते? मूकपट आजच्या यंत्रावर योग्य वेगाने दिसावा म्हणून रूपांतर करताना काही चौकटी दोनदा घेतात. १६ च्या २४ करायच्या तर दर दुसरी चौकट पुन्हा छापावी लागते. म्हणजे अशा प्रतीत सेकंदाच्या २४ चौकटींपैकी ८ पुनरुक्त असतात. कळ दाबली, चित्र हलले नाही. पुन्हा दाबली, हलले. भाच्याला प्रथम वाटले की संगणकच अडखळतो आहे. म्हणजे ‘अमुक चौकटीत नट स्थिर उभा आहे’ असे विधान करण्यापूर्वी ती स्थिरता नटाची की रूपांतराची, हे ठरवावे लागते. त्यातही, संग्रहालयात जपलेला ‘राजा हरिश्चंद्र’चा भाग १९१३ च्या मूळ चित्रपटाचा नसून फाळके यांनीच १९१७ साली पुन्हा काढलेल्या ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’चा आहे, असे काही इतिहासकारांचे मत आहे. चौकट अचूक सापडली आणि ग्रंथच दुसरा निघाला, अशी ही अवस्था! रामायणाची पोथी चाळणाऱ्या पंडिताला या अडचणीचे हसू येणार नाही, कारण त्याचा सारा जन्म अशाच अडचणीत गेलेला असतो.

या संदर्भात फाळके यांच्याच एका कृतीचे स्मरण होते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, आपल्याला हे तंत्र साधले आहे अशी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून ठरावीक अंतराने एकेक चौकट घेतली. वेल वाढायला दिवसांमागून दिवस गेले. पडद्यावर ती पाहता पाहता वाढली. एका चौकटीचे मोल या देशात प्रथम कुणाला कळले असेल तर ते या माणसाला. त्या चित्रपटाचे मर्म कोणत्याही एका चौकटीत नव्हते. कालची चौकट आणि आजची चौकट यांमध्ये जो दिवस गेला, तो त्याचा विषय होता. चौकट त्यांनी मोजली ती दोन चौकटींमधल्या, दिसत नसलेल्या वाढीसाठी.

माझ्या शंकेचे मूळ इथे आहे. नेमक्या चौकटीवर जाण्याची सोय झाल्यापासून समीक्षेत थांबलेल्या चित्राचा सुळसुळाट झाला आहे. लेखात एखादी चौकट छापायची, तिच्यातील रेषा, छायाप्रकाश, माणसांच्या जागा, खिडकीची चौकट आणि दाराची चौकट यांवर पानभर लिहायचे, आणि ते झाले म्हणजे चित्रपटाचे विवेचन झाले असे मानायचे. हे विवेचन पुष्कळदा चांगले असते. परंतु ते चित्रकलेचे विवेचन असते. सर्वजयेच्या प्रसंगात मी ती चौकट थांबवली तेव्हा समोर काय होते? वेदनेने विस्कटलेला एक चेहरा आणि निःशब्द पडदा. तारशहनाई थांबली होती, कारण थांबलेल्या चित्राला आवाज नसतो. माझ्या स्मृतीतील हंबरडा या चौकटीने खोटा पाडला हे खरे; पण तो मला का ऐकू आला होता, हे सांगण्यास ती असमर्थ होती. त्याचे उत्तर आधीच्या संथ मिनिटांत आहे. हरिहर बोलत राहतो, सर्वजया काही बोलत नाही, आणि तिचा आवाज फुटावा याची वाट पाहणारा प्रेक्षकाचा कान अधिकाधिक तीव्र होत जातो. त्या तहानलेल्या कानात वाद्याचा स्वर पडतो आणि कान त्याचा माणूस करतो. राय यांनी मला फसवले नाही. माझ्याकडून काम करून घेतले. हे चौकटीवर गेल्याने कळत नाही, चौकटीपर्यंत चालत गेल्याने कळते.

यंत्रही एका परीने हेच करते, हे मला अलीकडे समजले. संगणकावरील चित्रफितीत प्रत्येक चौकट संपूर्ण साठवलेली असतेच असे नाही. जागा वाचवण्यासाठी एक चौकट पूर्ण ठेवतात आणि तिच्या आसपासच्या चौकटींत काय बदलले, एवढेच टिपून ठेवतात. डीव्हीडीत साधारणपणे १२ ते १५ चौकटींमागे एक पूर्ण असते. मधल्या एखाद्या चौकटीवर जा म्हटले की यंत्र आधी मागच्या पूर्ण चौकटीशी जाते, तिथून बदल जोडत जोडत पुढे येते आणि मगच चित्र दाखवते. कधीकधी चित्र किंचित रेंगाळते त्याचे एक कारण हे. म्हणजे आपल्याला वाटते उडी मारून पोहोचलो. प्रत्यक्षात यंत्र आपल्या वतीने थोडे मागे जाऊन पायी आलेले असते. समीक्षकाने निदान यंत्राइतके कष्ट घ्यायला हरकत नसावी.

चौकट सापडली म्हणजे अर्थ सापडला, हा भ्रम किती खोल असू शकतो याचे प्रसिद्ध उदाहरण साहित्याबाहेरचे आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा अब्राहम झप्रुडर या नागरिकाच्या छोट्या कॅमेऱ्यात ती घटना टिपली गेली. एकूण ४८६ चौकटी, जेमतेम २७ सेकंद. चौकशी आयोगाने प्रत्येक चौकटीला क्रमांक दिला. त्यांतील ३१३ वा क्रमांक तर कुप्रसिद्धच झाला. जगात इतक्या बारकाईने तपासलेली दुसरी फीत क्वचितच असेल. तरी वाद मिटला नाही. त्याच चौकटीवर बोट ठेवून एक पक्ष एक सांगतो, दुसरा नेमके उलट. चौकट पुरावा देते. अन्वय लावायचा तो माणसालाच.

ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे, त्या संकलकांचा अनुभव काय आहे? मूव्हिओला हे यंत्र १९२४ पासून आणि पुढे हॅम्बुर्गच्या स्टीनबेकसारखी आडवी टेबले, यांवर संकलक फीत प्रत्यक्ष पुढेमागे पळवून हवी ती जागा शोधीत. रिळाच्या शेवटी असलेल्या चौकटीशी जायचे तर सगळे रीळ डोळ्यांखालून न्यावे लागे. १९८९ मध्ये ॲव्हिड हे संगणकीय संकलन-यंत्र बाजारात आले आणि शोधाचा हा प्रवास संपला. अमेरिकन संकलक वॉल्टर मर्च यांनी दोन्ही युगांत काम केले. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) साठी चित्रित झालेली सुमारे साडेबारा लाख फूट फीत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या यंत्रांवर हाताळली. ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) चे काम त्यांनी फितीवर सुरू करून संगणकावर पुरे केले आणि संगणकावर संकलित चित्रपटाला मिळालेले संकलनाचे पहिले ऑस्कर त्याला लाभले. म्हणजे नव्या यंत्रावर राग धरणारा हा माणूस नव्हे. तरीही ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ (१९९५) या छोट्या पुस्तकात त्यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले आहे. त्याचा आशय असा की, रीळ पळवून शोधताना जे मागितले नव्हते तेही दिसत असे. वाटेत दिसलेला एखादा टाकाऊ तुकडा शोधत असलेल्या तुकड्यापेक्षा सरस निघे. नवे यंत्र मागितलेले तेवढेच देते, आणि काय मागायचे हे माणसाला नेहमीच ठाऊक असते असे नाही.

ग्रंथालयात कपाटासमोर उभे राहून पुस्तक शोधलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. जे पुस्तक हवे होते त्याच्या शेजारचे घेऊन घरी परतण्याचा आनंद आपल्या पिढीने भरपूर उपभोगला आहे.

मर्च यांची दुसरी एक सवय मला याहून अर्थपूर्ण वाटते. एखादे दृश्य कोणत्या चौकटीवर कापावे हे ते चित्र थांबवून ठरवीत नाहीत. दृश्य पूर्ण वेगाने चालू ठेवतात आणि जिथे कापावेसे वाटेल तिथे कळ दाबतात. चौकटीचा क्रमांक लिहून ठेवतात, मागे जातात, तेच दृश्य पुन्हा चालवतात, पुन्हा दाबतात. दोन्ही वेळा तीच चौकट आली, सेकंदाच्या चोविसाव्या भागाचाही फरक पडला नाही, तर ती जागा खरी. नाही आली तर आपल्याला त्या दृश्याची लय अजून सापडलेली नाही, असे ते समजतात. गाण्याच्या मैफलीत बसणाऱ्या आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. सम ही सोळा मात्रांतील एक मात्रा आहे, हे कोणीही बोटे मोजून सांगेल. परंतु नुसती सम दाखव म्हटले तर कोणता गायक ती दाखवू शकेल? ती आवर्तनातून यावी लागते. दहा वेळा निरनिराळ्या वाटांनी निघूनही जो बरोबर तिथेच उतरतो, त्याला सम सापडली असे आपण म्हणतो. मात्रांचा हिशेब त्याला पक्का ठाऊक असतो. गाताना मात्र तो मोजत बसत नाही. चौकटीचे तसेच आहे. ती सम आहे. पत्ता लिहून तिच्यावर जाऊन उभे राहता येते, पण मग ती सम राहत नाही, नुसती पहिली मात्रा होते.

मग समीक्षकाने ही सोय वापरू नये काय? असा निष्कर्ष मी काढणार नाही, आणि माझ्यासारख्या आठवणीवर विसंबून हंबरडा ऐकणाऱ्याने तो काढणे शोभणारही नाही. वापरावी, पण ग्रंथाचा अभ्यासक जी शिस्त पाळतो ती पाळून. चित्रपट प्रथम आरंभापासून अखेरपर्यंत, मध्ये न थांबता पाहावा. मग जे जाणवले ते चौकटीवर जाऊन पडताळावे. लिहिताना प्रत कोणती, केव्हाची, कोणत्या गतीची, हे सांगावे. मूकपटाविषयी लिहिताना तर हे न सांगणे हा दोषच मानावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पडताळणी झाल्यावर त्या चौकटीवरून मागे यावे, बरेच मागे, आणि चित्र पुन्हा चालू द्यावे. पडताळणीने खोट्या ठरलेल्या गोष्टी लेखातून काढाव्यात. परंतु त्या आपल्याला का भासल्या होत्या, हे शोधल्यावाचून राहू नये. पुष्कळदा कलावंताचे कौशल्य त्या भासातच असते.

व्याख्यानाच्या दिवशी मी आधी माझी चूक सांगितली. मग भाच्याला विनंती केली की, सर्वजयेच्या त्या चौकटीपासून उतारा सुरू करू नकोस. हरिहर अंगणात पाऊल टाकतो तिथपासून लाव. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नेमका काढून ठेवलेला पत्ता त्यामुळे वायाच गेला. सभागृहात पुष्कळ माणसे माझ्याच वयाची होती. चित्र चालू झाले, हरिहर वस्तू दाखवू लागला, साडी पुढे आली. तिथे वाद्य वाजते, माणसाचा आवाज नाही, हे मी त्यांना दहाच मिनिटांपूर्वी सांगितले होते. दिवे लागल्यावर पहिल्या रांगेतील एक वृद्ध बाई मला म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत ते खरं असेल हो, पण मला ती रडलेली ऐकू आली.”

मी त्यांना म्हटले, मलाही आली.